कान टोचलेल्या उंदरांचं सुतक

१६ डिसेंबर, मंगळवार
धनुर्मास लागला. रोज पहाटे उठून थंड पाण्याने स्नान, पूजा, देवाला हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा नैवेद्य. मूग-तांदूळ कालच निवडून ठेवले. संक्रांतीपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही. गीझर बंद. पुण्य आणि वीज, दोन्हींचं भलं.
घरखर्चाची वही वेगळी, ही वेगळी. हिच्यात फक्त संकल्प आणि ते पार पडल्याची नोंद. यंदा रागवायचं नाही, शेजारच्या श्यामलाच्या घरातलं काही विचारायचं नाही, आणि स्वतःच्या प्रकृतीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. माझ्या आईने कधी काढलं नाही.
लेकीचं, श्रीविद्याचं, पीएचडीचं शेवटचं काम आजपासून. तीन आठवड्यांचं. उंदरांना जंतू टोचायचे आणि बघत बसायचं. चाळीस उंदीर. हे नीट पार पडलं की थीसिस, नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं तिच्या सरांनी सांगून ठेवलंय. म्हणजे तीन आठवडे घरातून तिला काडीचा त्रास होता कामा नये. ती जबाबदारी माझी. ह्यांच्याकडून अपेक्षा नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हे फक्त पेपर वाचतात आणि मला बोलतात.

१८ डिसेंबर, गुरुवार
जेवताना श्री म्हणाली, आज सहा सॅक्रिफाइस केले. मी विचारलं, काय केले? म्हणाली, मारले अम्मा, लॅबमध्ये तसंच म्हणतात. हे म्हणाले, आमच्याकडे स्क्रॅप म्हणायचे. बापलेक हसली. माझा घास हातातच.
एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, इंग्रजीत मी वर्गात दुसरी होते. सॅक्रिफाइस म्हणजे बळी.
मग विचारलं, सगळे पांढरेच, तर ओळखता कसे? म्हणाली, पांढरे नाहीत, काळे. कानाला भोकं पाडतो. कुणाच्या डाव्या, कुणाच्या उजव्या, कुणाच्या दोन्ही.
म्हणजे कान टोचलेले.
भांडी आवरताना हेच डोक्यात. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला. दात यायच्या आत मूल गेलं तर नुसतं स्नान, पण संस्कार होऊन गेलं तर सुतक, हे आमच्यात लहान पोराला ठाऊक असतं. शिवाय ज्याला आपण दाणापाणी घालतो तो आपला आश्रित. आश्रित, संस्कार झालेला, आणि आपल्याच हातून गेलेला. श्रीला सुतक आहे. आणि त्याच हाताने ती देवघरातला दिवा सारखा करून गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. अमावास्या
वादिराजाचार्यांना फोन केला. आमच्या लग्नापासून आमची सगळी कार्यं तेच करतात. विचारलं, उंदराचं सुतक किती दिवसांचं? ते म्हणाले, अनुसूयाक्का, घरात उंदीर झालेत का, पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देऊ? मग सगळं नीट सांगितलं. म्हणाले, उंदराला सुतक नाही. दारची गाय गेली तरी स्नान पुरे. म्हटलं, ह्यांचे कान टोचलेत. म्हणाले, कुणी टोचले? म्हटलं, इन्स्टिट्यूटने. म्हणाले, मंत्र होते का? म्हटलं, विचारून सांगते. फोन कट झाला. रेंज नसेल.
हे अमावास्येचं तर्पण करत होते. दारातून म्हटलं, शेवटी मूषकांना एक ओंजळ सोडा, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. हे म्हणाले, अगं, तो वाहन आहे, पितर नव्हे. उद्या स्कूटरचं श्राद्ध घालायला लावशील.
तरी मी बघत होते, एक ओंजळ जास्त सोडली. किंवा मोजण्यात चूक. ह्यांची होते.

२० डिसेंबर, शनिवार
श्रीला सहज विचारलं, कान टोचताना तुम्ही तोंडाने काही म्हणता का? ती चमकली. म्हणाली, बाकीच्यांचं माहीत नाही, मी सॉरी म्हणते. प्रत्येकाला. आणि घाईघाईने विषय बदलला.
सॉरी हा मंत्र धरावा की नाही? मनापासून म्हटला असेल तर धरावाच लागेल.

२१ डिसेंबर, रविवार
निर्णय झाला. स्नान पुरे असं आचार्यच म्हणाले, तर स्नान. पण साधं नव्हे, सचैल. नेसत्या साडीनिशी, डोक्यावरून. श्री करणार नाही, तिच्या वाटचं मी करीन. आईने केलेलं मुलीच्या नावावर जमा होतं.
उंदीर नेमके कधी जातात ते विचारलं तर तिला संशय येईल. म्हणून रोजच. संध्याकाळी, ती यायच्या आत.
आज केलं. लगेच साडी बदलली तर उरकल्यासारखं वाटतं, म्हणून जप संपेपर्यंत ओलेत्यानेच बसले. फार प्रसन्न वाटलं. दात वाजत होते ते वेगळं.

२३ डिसेंबर, मंगळवार
अंगात कसकस. थंड पाण्याचं, दुसरं काय. सवय व्हायला आठवडा लागतोच. डोकं दुखतंय, ते श्यामलाच्या मिक्सरने. शेजारच्या भिंतीला लावून ठेवलाय तिने.
दुपारी समईमागे काळं काहीतरी बसलेलं. नीट बघितलं तर वातीची सावली. परत बघितलं तर सावलीही नाही.
ह्यांना विचारलं, घरात उंदीर आलाय का हो? म्हणाले, तुझ्या डोक्यात आलाय. नेहमीचंच बोलणं.

२५ डिसेंबर, गुरुवार
सगळ्यांना सुट्टी, श्रीला नाही. उंदरांना कसला नाताळ, म्हणाली. पण उशिरा निघाली. मी डोसे घालत होते, ती कट्ट्याशी बसून खात होती. किती दिवसांनी अशी बसली.
म्हटलं, तू नक्की करतेस काय, एकदा मला कळेलसं सांग.
म्हणाली, जंतू आत शिरला ना अम्मा, की तिथली पेशी एकटी लढत नाही. हाक मारते. एक रसायन सोडते, तीच हाक. शेजारणीला ती ऐकू येते, ती पुढे पाठवते, असं करत अंगभर निरोप जातो. मग ताप येतो, भूक जाते, माणूस अंथरूण धरतो आणि लढणाऱ्या पेशी धावत येतात. माझ्या निम्म्या उंदरांत ती हाक ऐकायची सोयच काढून टाकलीय.
म्हटलं, बहिरे? म्हणाली, कानाने नव्हे गं, पेशींनी बहिरे.
जंतू सगळ्यांना एकच देतात, तोही सौम्य केलेला. ज्यांना हाक ऐकू येते ते अंग फुगवून कोपऱ्यात बसतात, खात नाहीत, कुडकुडतात. बहिरे मात्र मजेत. खातात, पळतात, अंग चाटून केस गुळगुळीत ठेवतात. म्हटलं, मग हेच बरे की. ती म्हणाली, तेच जातात अम्मा. कुडकुडणारे बहुतेक निभावतात. बहिऱ्याला उघडून बघितलं तर आत जंतूच जंतू, आणि आदल्या दिवशीपर्यंत त्याच्याकडे बघून काही कळत नाही.
विचारलं, आणि जे निभावतात त्यांचं पुढे? म्हणाली, शेवटी त्यांचीही प्लीहा काढूनच बघायची असते.
म्हणजे वाचूनही वाचत नाहीत. डोसा करपला.
ती गेल्यावर त्या दुसऱ्या उंदरांचाच विचार. शेवटपर्यंत कुणाला त्रास नाही, तक्रार नाही, केससुद्धा नीटनेटके. किती चांगल्या वळणाचे! माझी आई अशीच गेली. घरात कुणाला कळलंसुद्धा नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार
अंग थोडं ऊन आहे. ताप म्हणता येणार नाही. थर्मामीटर लावला, पण तो जुना आहे, वाढवून सांगतो. परत डब्यात ठेवला.
क्रोसीन अर्धी. चार वाजता घेतली की श्री येईपर्यंत अंग गार. पूर्ण घेऊन सवय नको लावायला. स्नान केलंच. गार पाण्याने ताप उतरतो असं डॉक्टरही सांगतात, म्हणजे एका कामात दोन कामं. (ताप नाहीच. असता तर.)

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी गच्चीवर पिंड ठेवले. भाताचे, बोराएवढे. उंदरांच्या मानाने तेवढे पुरे. कावळा शिवेना. बराच वेळ उभी राहिले. शेवटी पारव्यांनी खाल्ले. पारवा चालतो का हे आचार्यांना विचारायचं होतं, पण हल्ली त्यांचा फोन लागत नाही.
श्यामला कपडे वाळत घालायला आली. बाई चांगली, पण नजर फार. कन्नडात म्हणाली, अनुसूया अवरे, एनायतु, काय झालं, चेहरा किती उतरलाय! म्हटलं, धनुर्मासाचे उपास. म्हणाली, धनुर्मासात तूप घालून हुग्गी खातात, उपास कसले? सरी सरी, बरं बरं म्हणून खाली आले.
जिन्यात कठडा धरावा लागला. पायऱ्या ओल्या होत्या. आता लिहिताना लक्षात येतंय की कोरड्या होत्या. मग चप्पल गुळगुळीत झाली असेल.

२९ डिसेंबर, सोमवार
पहाटे न्हाणीत गेले तर नळाला ऊन पाणी. ह्यांनी गीझर लावून ठेवलेला. विचारलं तर म्हणाले, चुकून लागला. कालही चुकूनच लागला होता. बंद केला, पाणी गार होईपर्यंत पाटावर बसून राहिले. तिथे डोळा लागला. उठले तेव्हा अंगावर ह्यांची शाल.
चूक एकदा होते. रोज होते तिला मी काय म्हणू?

३० डिसेंबर, मंगळवार. वैकुंठ एकादशी
कित्येक दिवस भूक नाही. लोकांना आज एका दिवसाचा उपास जड जातो, मला अन्नाचा वासही नको. साधना चढत असल्याची खूण.
देवळाची रांग पार सर्कलपर्यंत. मी स्वल्प टेकते म्हणून पायरीवर बसले, एवढं आठवतं. डोळे उघडले तर दोन स्वयंसेवक मला खुर्चीत घालून उचलून नेत होते. थेट आजच्याच दिवशी उघडणाऱ्या वैकुंठद्वारातून. रांगेतल्या बायका हात जोडत होत्या. ज्या रांगेत लोक सकाळपासून ताटकळले होते, तिथे मी पंधरा मिनिटांत देवासमोर. कुणाला आधी आत घ्यायचं ते देवाला बरोबर कळतं.
हे फार घाबरले होते. येताना रिक्षात म्हणाले, डॉक्टरकडे वळवतो. म्हटलं, दर्शन झालं, ह्याहून मोठा डॉक्टर कोण? मग श्रीला फोन करतो म्हणाले. मी माझी शपथ घातली. शेवटच्या आठवड्यात तिच्या कामात मोडता घातलात तर माझं मेलं तोंड बघाल. हे त्यावर बोलले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा.

१ जानेवारी, गुरुवार
नवं वर्ष. संकल्प तेच.
श्री म्हणाली, शेवटचं मोजमाप सहा तारखेला. त्या दिवशी तीच लागणार, दुसऱ्याचा हात चालणार नाही, कारण आधीचं सगळं तिच्या हातचं आहे. सहाला झालं की सुटलो अम्मा, म्हणाली. डोळे खोल गेलेत पोरीचे.
म्हणजे मला सहापर्यंत नीट राहायचं. मग वाटलं तर सातला एक दिवस पडून राहीन.
ह्यांच्या दाढेच्या वेळच्या पाच कॅप्सूल डब्यात शिल्लक होत्या. जंतूंवरच्याच. हे टाकायला निघाले होते, मी जपून ठेवल्या. बघा, आज उपयोगी पडल्या. दिवसाला तीन असं चिठ्ठीवर आहे, पण तो हिशेब दाढेचा. मी रोज एक घेईन, म्हणजे सहापर्यंत पुरतील.

२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३
आले. एक नव्हे. सगळे.
स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून, पंगतीला बसावं तसे ओळीने. काळे. आवाज नाही. पुढ्यात पान नाही, पाण्याचं भांडं नाही. वाढायची वाट बघत असल्यासारखे. कान बघितले. भोकं होती, त्यांतून पलीकडच्या भिंतीचा पांढरा रंग दिसत होता.
मी घाबरले नाही. आमच्या घरी पंगती पुष्कळ उठल्या. फक्त काय वाढायचं ते कळेना.
मंत्राक्षता टाकल्या. अंगावरून घरंगळल्या. कुणी अंग झाडलं नाही.
तेवढ्यात हे पाणी प्यायला आले आणि सरळ ओळीवरून चालत गेले. एकही हलला नाही. हे माझ्याकडे बघत म्हणाले, जमिनीवर तांदूळ का सांडलेत? मी म्हटलं, निवडतेय.

३ जानेवारी, शनिवार
श्री आज उजेडी येणार होती. तयारी केली. क्रोसीन पूर्ण (अपवाद). केसांना तेल लावून घट्ट वेणी, एक बट सुटू दिली नाही. गालांना कुंकवाचं बोट चोळलं. ती आली तेव्हा मी कट्ट्याशी उभी. एक हात कट्ट्यावर टेकलेला, पण तो पदराआड. तिच्यासमोर पोळी खाल्ली, दोन. हसलेसुद्धा. ती हात धुवायला गेली तेव्हा काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.
ती म्हणाली, अम्मा, किती फ्रेश दिसतेस! धनुर्मास मानवला तुला.
जमलं.
हे ताटावरून उठून गेले. अर्धी पोळी तशीच टाकून. अन्न टाकायचं हे वय आहे का?

४ जानेवारी, रविवार. दुपारी
एक जण ओळ सोडून पुढे आला. माझ्या पाटाच्या कडेशी बसला. बाकीच्यांपेक्षा हा छान होता. केस चकचकीत, डोळे स्वच्छ, कुठे काही नाही. बहिऱ्यांपैकी.
विचारलं, काय हवं बाबा? तर्पण झालं, पिंड झाले, स्नानं चालूच आहेत. मग कन्नडात विचारलं. इथलेच ते, मराठी कुठून कळणार! तरी नुसता बघत राहिला.
तेव्हा लक्षात आलं, तो मागायला आलेलाच नाही. बोलवायला आलाय. ओळीत मधे एक जागा मोकळी ठेवली होती. माणूस बसेल एवढी.
बेडा, नको, म्हटलं. सहापर्यंत नाही.

५ जानेवारी, सोमवार
कॅप्सूल संपल्या. हुग्गी केली का आठवत नाही. पातेलं ओलं आहे, म्हणजे केली. स्नान बसूनच. पोट फुगलंय, हात लावू देत नाही. वात.
श्री निघताना म्हणाली, उद्याचा एक दिवस अम्मा, मग पंधरा दिवस घरी बसून तू घालशील ते खाईन. हे पेपरआडून माझ्याकडे बघत होते. पेपर उलटा होता.
उद्या अंगारकी. मोदक करायचे.

६ जानेवारी, मंगळवार. पहाटे
नारळ खवला. अर्धा. ती उठली, निघेल आता. डबा भरलाय.
ती एवढी गेली की मग

११ जानेवारी, रविवार
हॉस्पिटल. ह्यांनी चष्मा आणि ही वही आणून दिली. वाचली नाही म्हणाले. खरं असेल, ह्यांना माझं अक्षर लागत नाही.
डबा हातात देताना पडले म्हणे, श्रीच्या पायांवरच. टायफॉइड, लक्षणांवरून. डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी, वयाने श्रीएवढी, पण रागावते सासूसारखी. म्हणाली, आणखी दोन दिवस काढले असतेत तर आतड्याला भोक पडलं असतं. ताप किती दिवस होता? म्हटलं, ताप असा नव्हता. हे म्हणाले, पंधरा दिवस. शपथ मोडली, तीही नर्ससमोर. बाईने विचारलं, पाणी उकळून पिता की फिल्टरचं? म्हटलं, फिल्टर आहे. हे म्हणाले, आहे. बंद असतो.
ह्यांना अचानक फार बोलता येऊ लागलंय.
तरी एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. सहा तारखेपर्यंत मी तिला कळू दिलं नाही. जे ठरवलं ते केलं. श्री दिवसभर उशाशी बसून असते. म्हणजे काम झालेलं दिसतंय. विचारलं तर म्हणते, झोप अम्मा.

१३ जानेवारी, मंगळवार
आज सांगितलं तिने.
तिच्या लॅबमधला जंतू टायफॉइडच्या जंतूचा सख्खा चुलत. उंदरांना होतो. त्यावर काम करणाऱ्या मुलीची आई तसल्याच तापाने पडली, आणि ताप कधी सुरू झाला हे त्या दिवशी कुणी सांगेना. तिने स्वतःच सरांना कळवलं, नियमच तसा. रिपोर्ट येईपर्यंत तिला प्राण्यांच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. रिपोर्ट दोन-तीन दिवसांत यायचा, पण माझ्या रक्तात जंतू उगवलाच नाही. दाढेच्या कॅप्सूलनी तो मेला नव्हता, नुसता दडून बसला होता. पुन्हा रक्त घेतलं. काल कळलं. माणसांचा, साधा, पाण्यातला. तिच्या उंदरांचा नव्हे.
म्हणाली, इतके दिवस मला वाटत होतं की मीच घरी आणून तुला... नाक पुसलं.
विचारलं, आणि उंदीर? म्हणाली, तारीख उलटून गेली अम्मा. बहिरे सगळे आपोआप गेले. उरलेले संपवावे लागले. हातात आकडा एकही नाही.
मग आता?
आता पहिल्यापासून. सरांनी मुदत वाढवून मागितलीय. पुन्हा चाळीस.
म्हटलं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? जरा विचार करून म्हणाली, रक्त तपासलं असतं, तू गोळ्या घेऊन झोपली असतीस, अण्णांनी, म्हणजे ह्यांनी, भात लावला असता. मी लॅबला गेले असते.
रागावली नाही. मी बराच वेळ वाट बघितली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
ताप नाही. दुपारी तीनला मुद्दाम भिंतीकडे बघितलं. नुसती भिंत. एकही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, तापात दिसतं तसं, विसरून जा.
श्रीला विचारलं, नवे चाळीस कुठून आणणार? म्हणाली, तसले विकत मिळत नाहीत, जोड्या लावून वाढवावे लागतात. अजून जन्मले नाहीत.
गेलेल्यांचं काय करायचं ते मला येतं.
ह्यांच्या फोनवरून आचार्यांना लावला. ह्यांचा नंबर बघून उचलला. विचारलं, जे अजून जन्मलेले नाहीत आणि आपल्यापायी जाणार आहेत, त्यांच्यासाठी आधी काही करून ठेवता येतं का? फोन कट झाला नाही. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, अनुसूयाक्का, जेवलात का? दवाखान्यात पेज देत असतील, ती घ्या.
घेतली. श्रीने चमच्याने भरवली. फार गरम होती, पहिल्याच घासाला जीभ पोळली.
बोलले नाही. इतकी मन लावून भरवत होती.